सेटिंग आली का?

सोलापूरच्या नवी पेठेत २००६-०७च्या सुमारास मोबाईलच्या कुठल्याही दुकानापुढे पाच मिनिटं उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडायचं, “सेटिंग आली का?” काउंटरमागचा मुलगा विचारायचा आणि गिऱ्हाईक हातातल्या फोनकडे बघत नकारार्थी मान हलवायचं. मग दोघंही वाट बघायचे. थोड्या वेळाने फोन वाजायचा, पण नेहमीच्या एसएमएससारखं वाचायला काही नसायचं. पडद्यावर इंग्रजीत एवढंच उमटायचं, की कॉन्फिगरेशन सेटिंग्ज आल्या आहेत. त्या उघडायला गेलं की फोन पिन मागायचा. “एक दोन तीन चार दाबा,” मुलगा सांगायचा. दाबलं, सेव्ह केलं, फोन एकदा बंद करून चालू केला, की त्या माणसाच्या हातात इंटरनेट आलेलं असायचं. पुष्कळांच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा.

तेव्हा घरात संगणक असणारे थोडे होते आणि सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजावे लागत. अशा शहरात हजारो लोकांना इंटरनेटचं दार उघडून दिलं ते एसएमएसच्या वाटेने आलेल्या एका इवल्याशा फाइलने. ती कुणी बनवली, सोलापूरपर्यंत कशी पोचली आणि पुढे कुठे नाहीशी झाली, हे सांगण्यासारखं आहे. कारण ती फाइल आपली परवानगी विचारायची, आणि आजच्या फोनमध्ये परवानगीची ती जागा फार आक्रसली आहे.

मागावरचे पुठ्ठे

यंत्राला बाहेरून सूचना भरवणं हा प्रकार सोलापूरला नवा नव्हता. इथल्या चादरीची नक्षी जकार्डवर उतरते. मागाच्या डोक्यावर बसवलेल्या या यंत्रातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. पुठ्ठ्यातल्या भोकांवरून यंत्र ठरवतं, की कोणते हुक उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे. हुकांबरोबर ताण्याचे धागे वरखाली होतात आणि मधून बाण्याचा धागा जातो. फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या जोसेफ मारी जकार याने १८०४च्या सुमारास हे यंत्र पुढे आणलं आणि त्याच्याच नावावरून आपला ‘जकार्ड’ शब्द आला. माग तोच, सूत तेच. पुठ्ठ्यांची माळ बदलली की मोराच्या जागी फुलं येतात.

फोनची सेटिंग फाइल याच जातीची आहे. फोन तोच, सिमकार्ड तेच. आत काय लिहिलंय त्यावर तो कोणत्या वाटेने बाहेरच्या जगाशी जोडला जाईल हे ठरतं.

बोलायला सेटिंग लागत नव्हती

भारतात मोबाईलवरचं पहिलं संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झालं. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्यातून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. परवाने देताना देशाची परिमंडळं पाडण्यात आली होती. मुंबई स्वतंत्र होती आणि सोलापूर, पुणे, नागपूरपासून गोव्यापर्यंतचा सगळा मुलूख ‘महाराष्ट्र’ या एका परिमंडळात होता. या परिमंडळात सुरुवातीला दोन खासगी कंपन्या होत्या, बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी. दुसरीचंच पुढे ‘आयडिया’ झालं.

पहिली काही वर्षं मोबाईल ही पैसेवाल्यांची चीज होती. फोन करणाऱ्याला पैसे पडायचे आणि घेणाऱ्यालाही. हे चित्र २००२-०३ मध्ये पालटलं. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाईल सेवा सुरू झाली, डिसेंबरात रिलायन्स उतरली, आणि १ मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले. त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ नावाची योजना काढून ५०१ रुपये भरून फोन देऊ केला. आता रिक्षावाल्याच्या खिशातही फोन दिसू लागला.

या साऱ्यांना फोन हवा होता तो बोलायला, आणि बोलायला काहीच करावं लागत नव्हतं. सिम घातलं, टॉवर मिळाला, नंबर लावला. नेटवर्कला लागणारी माहिती सिममध्येच असते. इंटरनेटचं तसं नव्हतं.

जीपीआरएस, म्हणजे मोबाईलवरून इंटरनेट वापरायची सोय, आली तेव्हा फोनला चार-पाच गोष्टी नव्याने सांगाव्या लागू लागल्या. पहिली एपीएन, म्हणजे मोबाईलच्या नेटवर्कमधून इंटरनेटकडे जाणाऱ्या दरवाज्याचं नाव. व्होडाफोनचा दरवाजा नुसता ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’, बीएसएनएलचा ‘बीएसएनएलनेट’, एअरटेलचा ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’. त्यानंतर प्रॉक्सीचा, म्हणजे मधल्या सर्व्हरचा, आकडी पत्ता, पोर्टचा क्रमांक आणि उघडताच दिसायचं पान. एमएमएससाठी हे सगळं पुन्हा वेगळं. आयडियाचा १०.४.४२.४५ आणि व्होडाफोनचा १०.१०.१.१०० हे प्रॉक्सीचे पत्ते त्या काळातल्या कॉलेजच्या मुलांना मित्राच्या फोन नंबरासारखे पाठ असत.

हे हाताने भरायचं म्हणजे काय, ते मोजून बघण्यासारखं आहे. तेव्हाच्या फोनला आकड्यांच्याच कळा होत्या आणि एकेका कळेवर तीन-चार अक्षरं. ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’ इंग्रजीत चौदा अक्षरांचं आहे. ते उमटवायला कळ तीस वेळा दाबावी लागे, त्यात ‘एस’साठी सातची कळ चारदा. एक दाब कमी-जास्त झाला की दरवाज्याचं नाव चुकलं आणि फोन मख्ख. नेमकं काय चुकलं ते तो सांगत नसे.

फाइल कशी जन्मली

ही अडचण सोलापूरची एकट्याची नव्हती. १९९७ मध्ये नोकिया, एरिक्सन, मोटोरोला आणि अनवायर्ड प्लॅनेट या चार कंपन्यांनी मिळून वॅप फोरम स्थापन केला होता. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर इंटरनेट आणायचं, हा त्यांचा हेतू. १९९९ मध्ये नोकियाचा ७११० हा वॅपचा फोन बाजारात आला आणि लगेच कळून चुकलं, की सेटिंग भरता न आल्यामुळे लोक दारातूनच परत फिरतात. मग नोकिया आणि एरिक्सन यांनी हवेतून सेटिंग पाठवायची आपली एक रीत काढली. २००१ मध्ये वॅप फोरमने सर्व कंपन्यांना चालेल असा नमुना ठरवला. जून २००२ मध्ये ओपन मोबाईल अलायन्स ही मोठी संस्था उभी राहिली आणि तो नमुना पुढे तिच्याकडे गेला. या नमुन्याचं नाव क्लायंट प्रोव्हिजनिंग.

फाइल लिहिली जाते एक्सएमएलमध्ये, म्हणजे कुणालाही वाचता येईल अशा मजकुरात. एखाद्या छापील अर्जासारखी तिची रचना असते. एका चौकटीत नेटवर्कचा दरवाजा, दुसऱ्या चौकटीत प्रॉक्सी, तिसरीत ही जोडणी कोणत्या कामासाठी वापरायची ते. चौकटीच्या आत एकेक ओळ आणि प्रत्येक ओळीत एक नाव, एक मूल्य.

अडचण होती आकाराची. एका एसएमएसमध्ये फक्त १४० बाइट मावतात. म्हणून फाइल पाठवण्याआधी आवळली जायची. वारंवार येणाऱ्या प्रत्येक शब्दाला एका बाइटचा सांकेतिक आकडा दिलेला होता. दरवाज्याची चौकट सुरू करणारी ओळ इंग्रजीत लिहिली तर तीस अक्षरांची होते. आवळल्यावर ती तीन बाइटांत बसते. एवढं करूनही फाइल एका संदेशात मावली नाही, तर तिचे तुकडे करून दोन-तीन एसएमएस जायचे आणि फोन ते आपल्या आत जोडून घ्यायचा. संदेशावर २९४८ हा पोर्ट क्रमांक घातलेला असे. तो बघून फोनला कळायचं, की हे पत्र मालकाने वाचायचं नाही, आपण वाचायचं आहे.

राहिला प्रश्न भरवशाचा. कुणीही अशी फाइल पाठवून आपला फोन भलत्याच दरवाज्याकडे वळवला तर? म्हणून फाइलबरोबर एक मोहोर पाठवायची सोय केली गेली. ती उमटवायचे मुख्य मार्ग दोन. एकात सिमचा स्वतःचा पंधरा आकडी ओळख क्रमांक वापरायचा. तो कंपनीला आणि सिमला ठाऊक असतो, बाकी कुणाला सहसा नाही. दुसऱ्यात ग्राहकाला एक पिन कळवायचा आणि तो त्याने फोनमध्ये टाकायचा. पिन जुळला तरच फाइल उघडायची.

कल्पना चोख होती. पण प्रत्येक ग्राहकाला वेगळा पिन सुरक्षितपणे कळवणार कोण? उत्तर सोपं निघालं. सगळ्यांना एकच पिन, १२३४.

काउंटरवरचं शहर

कागदावर हे सगळं आपोआप व्हायचं होतं. ग्राहकाने ठराविक क्रमांकावर एसएमएस करायचा आणि कंपनीच्या यंत्रणेने फोनचं मॉडेल ओळखून योग्य फाइल धाडायची. फोनच्या आयएमईआय या ओळख क्रमांकाचे पहिले आठ आकडे मॉडेल सांगतात, त्यामुळे ओळख पटवणं शक्य होतं. प्रत्यक्षात मधे माणूस लागायचाच.

सोलापुरात तर तो लागणारच होता. या शहरात एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत तेलुगू, पलीकडे कन्नड आणि उर्दू ऐकू येते. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकराच्या घरी तेलुगू बोलतात, व्यवहार मराठीत करतात, आणि फोन मात्र इंग्रजीत बोलायचा. आलेली सेटिंग ठेवायची की टाकून द्यायची, हे विचारणारे दोन इंग्रजी शब्द चुकीच्या कळेने एका क्षणात उलटे व्हायचे. मग पुन्हा मागवा, पुन्हा वाट बघा.

म्हणून काउंटरवरचा मुलगा. कॉलेज करून दुकानात बसणारा किंवा दहावीनंतर थेट दुकानात आलेला. त्याला क्लायंट प्रोव्हिजनिंग हे नाव माहीत नव्हतं. पण कोणत्या कंपनीची सेटिंग कोणत्या मॉडेलवर बसत नाही, कुठे फोन दोनदा बंद-चालू करावा लागतो, हे त्याला पाठ होतं. लोक त्याला “जीपीआरएस मारून द्या” म्हणायचे, “नेट टाकून द्या” म्हणायचे. त्याच खेपेत मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायचे. तो कुणाकडून वीस रुपये घ्यायचा, कुणाकडून रिचार्जमध्येच भागवायचा.

त्याच्या काउंटरवर एक शाळकरी, दोनशे पानी वही असायची. एकेका पानावर एकेक कंपनी आणि खाली निळ्या शाईत एपीएन, प्रॉक्सी, पोर्ट. कोपरे कुरतडलेले, काही ओळी खोडून वर नव्या लिहिलेल्या. कंपनीची फाइल आली नाही की तो ती वही काढायचा आणि तोंडाने पुटपुटत अंगठ्याने भराभर भरायचा. फाइल जे आवळून सांगायची, ते त्याच्या वहीत ओळींत लिहिलेलं असायचं. माझ्या पहिल्या फोनला सेटिंग अशाच वहीतून मिळाली. इंटरनेट कुठून येतं, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी त्या वहीकडे बोट दाखवलं असतं.

ज्यांच्यापर्यंत फाइल पोचली नाही

सगळेच फोन या फाइलला दाद देत नव्हते. रिलायन्सचे सीडीएमए फोन वेगळ्याच वळणाचे होते. सुरुवातीच्या त्या फोनमध्ये सिमकार्डच नसायचं. नंबरासकट सगळी माहिती फोनमध्येच भरलेली यायची. त्यामुळे घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून आर-वर्ल्ड ही रिलायन्सची इंटरनेट सेवा मिळायची, पण कंपनी बदलायची तर फोनच बदलावा लागायचा. सोय आणि बंधन एकाच डब्यात आलं होतं.

दुसरे होते स्वस्त चिनी सेट. दोन सिम, मोठे स्पीकर, लखलखते दिवे. पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटातही गाणं ऐकू येईल असा त्यांचा आवाज. कंपनीच्या यादीत या सेटांची नोंदच नसायची, त्यामुळे आपोआप फाइल यायची नाही किंवा आलेली बसायची नाही. ‘डेटा अकाउंट’ नावाच्या एका आडबाजूच्या मेनूत जाऊन सगळं हाताने भरावं लागे. यातल्या कित्येकांना खरा आयएमईआयही नव्हता. ३० नोव्हेंबर २००९च्या मध्यरात्रीनंतर असे फोन बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला तेव्हा लोक हाच फोन घेऊन पुन्हा त्याच काउंटरसमोर उभे राहिले.

तिसरा फटका पैशांचा होता. तेव्हा १० केबीला १० पैसे हा दर सर्रास होता. ऐकायला किरकोळ, पण एक एमबी वापरली की दहा रुपये गेले. महिन्याचं पॅक एका दरवाज्यासाठी घेतलेलं असायचं आणि फोनमध्ये सेटिंग मात्र दुसऱ्या दरवाज्याची. फोन विनातक्रार नेट चालवायचा आणि बॅलन्स उतरत जायचा. माझ्या एका मित्राचा पन्नासचा रिचार्ज याच कारणाने एका दुपारी संपला. चूक फक्त एपीएनच्या ओळीतली होती, पण पडद्यावर तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

फाइल जमिनीखाली जाते

२००७ नंतर गोष्टी भराभर बदलल्या. बीपीएलचं महाराष्ट्रातलं जाळं हच या कंपनीकडे गेलं होतं, आणि सप्टेंबर २००७ मध्ये हचचं व्होडाफोन झालं. पाटी बदलली, तसं सेटिंगचं नावही बदललं. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय आली. लोक आनंदाने कंपन्या बदलू लागले आणि फोनमध्ये जुन्या कंपनीचा दरवाजा तसाच राहू लागला. “नंबर पोर्ट झाला, नेट बंद पडलं” ही तक्रार घेऊन पुन्हा तीच वाट, तोच काउंटर.

तोडगा अँड्रॉइडने आणला. त्याने फाइल हवेतून मागवण्याऐवजी सगळ्या जगाची सेटिंग फोनच्या पोटातच ठेवली. प्रत्येक सिममध्ये देशाचा आणि कंपनीचा सांकेतिक आकडा असतो. भारताचे देश क्रमांक ४०४ आणि ४०५. महाराष्ट्र परिमंडळात आयडियाला २२, बीपीएल-हच-व्होडाफोनला २७, बीएसएनएलला ६६ आणि एअरटेलला ९० असे क्रमांक मिळालेले होते. सिम घालताच अँड्रॉइड हे आकडे वाचतो, आपल्यातल्या भल्या मोठ्या एक्सएमएल यादीत शोधतो आणि जुळणारी सेटिंग लावून मोकळा होतो. ना एसएमएस, ना पिन, ना वाट बघणं. सोलापूरचा माणूस अक्कलकोटपुढे कर्नाटकात गेला तरी त्याच्या सिमवरचा आकडा तोच राहतो, म्हणून सेटिंगही तीच राहते.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं आणि इंटरनेट पसरण्याचा वेगच बदलला. तोवर हाती आलेल्या स्मार्टफोनना सेटिंग हा शब्दही ऐकवावा लागला नाही. नवी पेठेतली दुकानं राहिली. तिथला मुलगा आता काच बदलतो, कव्हर विकतो. वही मात्र गेली.

एक दोन तीन चार

जुनी वाट बंद झाली नव्हती, फक्त विसरली गेली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की सॅमसंग, हुआवे, एलजी आणि सोनी यांच्या फोनना बनावट सेटिंग फाइल पाठवून त्यांची सगळी इंटरनेट रहदारी भलत्या प्रॉक्सीमधून वळवता येते. काही सॅमसंग फोन तर पाठवणाऱ्याची मोहोरही तपासत नव्हते. बाकीच्यांत सिमचा क्रमांक मिळवून किंवा ग्राहकाला पिन कळवून काम भागत होतं. सॅमसंग आणि एलजी यांनी त्याच वर्षी दुरुस्त्या काढल्या.

ती बातमी वाचताना मला काउंटर आठवला. आपण लाखो लोकांना शिकवलं होतं, की सेटिंग आली की पिन १२३४ दाबायचा आणि सेव्ह करायचं. आत काय आहे ते बघायचं शिकवलं नव्हतं. आज अनोळखी माणूस फोनवरून ओटीपी मागतो आणि शहाणीसुरती माणसं तो देऊन बसतात. या सवयीचं एक मूळ त्या चार आकड्यांतही आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. दुसऱ्याने सांगितलेला आकडा बिनबोभाट दाबायचा, ही आपली पहिली डिजिटल शिकवणी होती.

मिळवलेलंही थोडं नाही. गावातल्या मुलीला निकाल बघायला तालुक्याला जावं लागेना. विणकराच्या मुलाने चादरीचा फोटो परगावच्या व्यापाऱ्याला धाडला. या वाटेची सुरुवात त्या न दिसणाऱ्या एसएमएसने केली, आणि भाषा, वय, शिक्षण न बघता केली. ज्यांनी नमुना बनवला त्यांना सोलापूर माहीत नव्हतं. तरी त्यांची फाइल इथे चालली, कारण मधे काउंटरवर एक माणूस उभा होता.

फाइल आजही आहे आणि पूर्वीपेक्षा बलवान आहे. आयफोनमध्ये ती कॉन्फिगरेशन प्रोफाइल म्हणून येते. एक प्रोफाइल बसवली की वायफाय, ईमेल, प्रमाणपत्रं, निर्बंध सगळं लागतं. कार्यालयं आणि शाळा आपले फोन, टॅब दुरून अशाच पद्धतीने बांधून ठेवतात. हप्त्यावर घेतलेला फोन हप्ता चुकल्यावर दुरून कुलूपबंद करणारी व्यवस्थाही याच घराण्यातली आहे. हप्त्यावर फोन घेणारी माणसं आपल्या शहरात कमी नाहीत. दुकानात कागदावर सही करताना फोनमध्ये काय बसवलं जातंय, हे विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे आणि दुकानदाराने सांगायला हवं.

जकार्डचा कारागीर नक्षी चुकली की वर चढतो. पुठ्ठ्यांची माळ हातात घेतो, एकेक पुठ्ठा उजेडात धरतो. नको तिथलं भोक बुजवतो, हवं तिथे नवं पाडतो. मागाला काय सांगितलंय ते त्याला डोळ्यांनी दिसतं. फोनच्या बाबतीतही ते अगदीच अशक्य नाही. मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन एपीएनचं पान उघडा. दरवाज्याचं नाव, प्रॉक्सी, पोर्ट, सगळ्या ओळी त्याच क्रमाने अजून तिथे आहेत, त्या दोनशे पानी वहीत होत्या तशा. एकदा वाचून बघा.